मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर वाढवायचाय? गंधकाचं टायमिंग सांभाळा

ट्यूब फर्नेसमध्ये (नळीच्या भट्टीत) सीव्हीडीने, म्हणजे वाफेतून पदार्थ पृष्ठभागावर बसवून, पहिल्यांदाच मोनोलेअर (एकच थर) वाढवणारे सगळे मेन टेम्परेचरच्या मागे लागतात, ७२० अंश सेल्सिअस ठेवू की ७५० की ७८०, पण खरी गंमत गंधकात आहे.

सबस्ट्रेट (ज्यावर थर वाढतो तो तुकडा) म्हणून ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवालं सिलिकॉन घ्या, त्यावर एक थरही साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतो. ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी साफ करून) नायट्रोजनने वाळवा. क्वार्ट्झ ट्यूबच्या मधोमध बोटीत (उथळ भांड्यात) मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड, मोजून काही मिलिग्रॅमच, हावरटपणा केलात की जाड थर बसलेच म्हणून समजा. त्याच बोटीवर सबस्ट्रेट पालथा. थोडं मीठ, साधं सोडियम क्लोराइड, मिसळलं तर ऑक्साइडची वाफ कमी तापमानालाच होते.

आता गंधक. हे गॅस येतो त्या बाजूला, हॉट झोनच्या बाहेर ठेवायचं. ते ११५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मधलं तापमान ६५० च्या पुढे गेल्यावरच ते वितळायला हवं. लवकर वितळलं तर ऑक्साइडच्या पावडरीवरच सल्फाइडचं काळं कवच बसतं, वाफ बंद, सबस्ट्रेट कोरा. उशीर झाला किंवा कमी पडलं तर त्रिकोणांऐवजी चौकोनी जाड स्फटिक मिळतात, ते बहुतेक मॉलिब्डेनम डायऑक्साइड असतं. म्हणून आधी रिकाम्या ट्यूबमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सरकवत कुठे किती तापतं ते बघा आणि बाहेरून मार्करने खूण करा. हीटिंग टेप असेल तर उत्तमच, गंधकाचा कंट्रोल वेगळा हातात येतो.

आधी आर्गॉनच्या जोरदार फ्लोने हवा हाकलून द्या, मग फ्लो कमी करा, ७५० ला पाच-दहा मिनिटं, नंतर फर्नेस बंद, आर्गॉन मात्र चालूच. हे विसरायचं नाही, कारण थंड होताना ट्यूबमधला गॅस आकसतो आणि एक्झॉस्टच्या बबलरमधलं (गॅस ज्या पाण्यातून बाहेर जातो त्या बाटलीतलं) कॉस्टिक सोड्याचं पाणी उलटं गरम क्वार्ट्झमध्ये खेचलं जातं. ट्यूब आणि बबलरच्या मध्ये एक रिकामी बाटली जोडून ठेवा. एक्झॉस्ट फ्यूम हूडमध्येच, हायड्रोजन वापरत असाल तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो विषारी आहे आणि जास्त झाला की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो.

नमुना बाहेर काढला की आधी बोटीत डोकवा, पावडर काळी पडलीय का ते. मग मायक्रोस्कोप. सरळ कडांचे त्रिकोण दिसले की रामनला (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या चाचणीला) न्या, दोन पीक ३८५ आणि ४०४ cm⁻¹ च्या आसपास, अंतर २० च्या जवळ म्हणजे एक थर, २५ कडे सरकलं तर जाड. फोटोल्युमिनेसन्स (लेझर पाडल्यावर नमुन्याने स्वतः दिलेला प्रकाश) ६७० नॅनोमीटरच्या आसपास झगझगीत यायला हवं, कारण बँडगॅप (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर) डायरेक्ट, म्हणजे सहज प्रकाश देणारा, होतो तो एकाच थरात.

आणि हो, टंगस्टनचे थर वाढवायला वेगळी ट्यूब ठेवा, भिंतीवरचा जुना माल पुढच्या रनमध्ये हमखास उतरतो.