हलगीचं कातडं आणण्याआधी

खाटकाला कातडं सांगण्याआधी, कातड्यावरचे केस सुटायला लागणारा चुना विरवून ठेवा. पाण्यात भाजका चुना थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो आणि उडतो. म्हणून चष्मा आणि रबरी मोजे हवेतच. भांडं लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला चुना खातो. रात्रभर निवू द्या, मग प्लॅस्टिकच्या पिंपात ताकाइतका पातळ कालवा.

कातडं बकऱ्याचं, त्याच दिवशी कापलेल्याचं. आजारानं मेलेल्या जनावराचं फुकट मिळालं तरी नको, काळपुळी कातड्यातून माणसाला लागते. गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याला घोरपडीचं कातडं लावायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे आणि घुमट बकऱ्याच्या कातड्यावरही छान बोलतं. खाटकाला आधीच सांगा, सोलताना सुरी कमी, मूठ जास्त. माझ्या पहिल्या कातड्याला मांसाच्या बाजूनं नखाएवढा ओरखडा होता. हलगीच्या गोल कड्यावर ताण बसला आणि त्याची वीतभर चीर झाली. चार दिवसांची मेहनत गेली, अजून हळहळ वाटते.

जाडं मीठ दोन-तीन किलो घरात असू द्या. चुन्यात टाकायला उशीर होणार असेल तर मांसाच्या बाजूला चोळायचं, नाहीतर उन्हाळ्यात काही तासांतच वास सुटतो.

चुन्यात साधारण तीन-चार दिवस, थंडीत जास्त, रोज दोनदा काठीनं ढवळून. पण दिवस मोजू नका, मानेजवळचे केस चिमटीत धरा. तिथलं कातडं सगळ्यात जाड. तिथले केस ओढ न लागता, मुळासकट, ओल्या चिखलातून गवत यावं तसे हातात आले की बाहेर काढा. त्यापुढे ठेवलं तर कातडं फुगून कुजायला लागतं.

खरवडायला गुळगुळीत ओंडका आणि बोथट सुरी. धारदार रापी (चामडं कापायची सुरी) वादी, म्हणजे कातडं आवळायची पट्टी, कापायला ठेवा. आधी केस, मग उलटून मांस आणि चरबी. चरबी राहिली तर आवाज बसतो, इथे घाई नको. चुना धुवायला भरपूर पाणी, शेवटी गव्हाच्या कोंड्याचं आंबलेलं पाणी. तरवडाची, बाभळीची साल आणू नका, ती कातडं कमवायला, म्हणजे त्याचं पक्कं चामडं करायला लागते. हलगीला कच्चंच हवं.

कडं आणि वाद्या आदल्या दिवशीच तयार, वाद्या भिजवलेल्या. कातडं ओलं असतानाच समोरासमोरच्या बाजू आळीपाळीनं आवळा आणि सावलीत, वाऱ्याला टांगा. उन्हात कडेला आधी सुकून मध्ये तडकतं. पावसाळ्यात हे काम काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.