ऑस्ट्रेलियात कोर्स बदलताय? जुना सोडण्याआधी व्हिसाकडे असं बघा

ऑस्ट्रेलियात शिकणाऱ्या मुलांच्या व्हिसाचे बरेचसे घोळ एकाच कारणाने होतात: कामं उलट्या क्रमाने केली जातात. जुना कोर्स आधी सोडला जातो, नवा नंतर शोधला जातो, आणि व्हिसाची आठवण येते ती गृहखात्याची ईमेल येऊन पडल्यावर. कोर्स बदलणं हा गुन्हा नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये विषय झेपत नाही, फी जड जाते, आई-वडील आजारी पडतात, कॉलेज निराशा करतं. कारणं खरी असतात. पण कारण खरं असलं तरी क्रम पाळावाच लागतो, म्हणून तो नीट सांगते. हे सगळं सबक्लास ५०० या स्टुडंट व्हिसाबद्दल आहे.

आधी एवढं लक्षात घ्या की तुमची नोंदणी सरकारला दिसते. कॉलेज तुमचं सीओई, म्हणजे कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट, ‘प्रिझम्स’ नावाच्या सरकारी प्रणालीत तयार करतं. तुम्ही कोर्स सोडलात, पुढे ढकललात, हजेरीत किंवा प्रगतीत मागे पडलात, तर कॉलेजला ते तिथे नोंदवणं ईएसओएस या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या शिक्षण कायद्याने बंधनकारक आहे. त्या नोंदी गृहखात्यापर्यंत पोहोचतात. सीओई रद्द झाल्याबरोबर व्हिसा आपोआप रद्द होत नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही व्हिसाची अट मोडलेल्या अवस्थेत असू शकता.

पहिली पायरी: दोन कागद समोर घ्या

एक सीओई, दुसरं व्हिसा मंजुरीचं पत्र. सीओईवर कोर्सचं पूर्ण नाव, क्रायकॉस कोड, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख बघा. क्रायकॉस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना घेऊ शकणाऱ्या संस्था आणि कोर्सेसची सरकारी यादी. नवा कोर्स त्या यादीत नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, तो स्टुडंट व्हिसावर चालणार नाही.

व्हिसाच्या पत्रावर चार आकडी अटी असतात. पत्र सापडत नसेल तर ‘वेवो’ या मोफत ऑनलाइन सेवेत पासपोर्टच्या तपशिलांसह लॉगिन करून त्या बघता येतात. आपल्या विषयात सगळ्यात महत्त्वाची ८२०२: नोंदणीकृत कोर्समध्ये नाव चालू ठेवायचं, प्रगती आणि हजेरी समाधानकारक ठेवायची, आणि व्हिसा ज्या पातळीच्या कोर्ससाठी मिळाला त्याच किंवा वरच्या पातळीवर राहायचं. दुसरी ८५१६: व्हिसा ज्या निकषांवर मिळाला ते पुढेही पूर्ण करत राहायचे. तिसरी ८५३३, तिच्याकडे मी शेवटी येते, कारण ती हमखास विसरली जाते.

दुसरी पायरी: तुमचा बदल नेमका कोणता, ते ओळखा

त्याच विद्यापीठात त्याच पातळीवर विषय बदलत असाल, उदाहरणार्थ मास्टर ऑफ आयटी सोडून मास्टर ऑफ डेटा सायन्स, तर प्रकरण सहसा सोपं असतं. नवं सीओई निघतं, व्हिसा तोच राहतो. फक्त नव्या सीओईची शेवटची तारीख व्हिसाच्या तारखेच्या पुढे जात नाही ना, ते बघा.

खरा धोका पातळी उतरवण्यात आहे. ऑस्ट्रेलियातल्या पदव्या-पदविकांना एक्यूएफ, म्हणजे पात्रतांच्या राष्ट्रीय चौकटीतले, पातळीचे क्रमांक आहेत: डिप्लोमा ५, बॅचलर ७, ग्रॅज्युएट डिप्लोमा ८, मास्टर्स ९, पीएचडी १०. समजा एखादी मुलगी मास्टर्सच्या व्हिसावर आली. फी परवडेना, म्हणून मैत्रिणीच्या सल्ल्याने तिने एका खासगी कॉलेजात कुकरीच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. नवं सीओई हातात आहे, कॉलेज क्रायकॉसवर आहे, वर्ग नियमित चालू आहेत. तिला वाटतं सगळं ठीक आहे. पण ती ९ वरून ५ वर आली आहे आणि तिचा व्हिसा ९ चा आहे. तिने डिप्लोमासाठी नवा स्टुडंट व्हिसा मिळवायला हवा होता, तोही जुना कोर्स सोडण्याआधी. या नियमाला सूट एकच, ती म्हणजे पीएचडीवरून मास्टर्सवर येणाऱ्यांना. डिप्लोमा आणि बॅचलर अशा जोडकोर्सवर व्हिसा मिळालेल्यांनीही सावध राहावं: डिप्लोमा करून बॅचलर सोडून दिली, तरी तो पातळी उतरवण्याचाच प्रकार होतो.

नवा अर्ज म्हणजे पुन्हा पैसे, पुन्हा कागद, आणि ‘मास्टर्स सोडून डिप्लोमा का’ या प्रश्नाला पटेल असं उत्तर. स्टुडंट व्हिसाचं अर्जशुल्क १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, आणि अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाही. शिवाय जानेवारी २०२५ पासून देशात राहून अर्ज करताना नुसतं ऑफर लेटर चालत नाही, सीओई लागतं.

कॉलेजच बदलायचं असेल तर सहा महिन्यांचा नियम आड येतो. मुख्य कोर्सचे पहिले सहा महिने पूर्ण होण्याआधी दुसरी संस्था तुम्हाला घेऊ शकत नाही, जोपर्यंत पहिली संस्था ‘रिलीज’, म्हणजे सोडून जायची परवानगी, देत नाही. हे सहा महिने मुख्य कोर्सपासून मोजतात. आधी इंग्रजीचा किंवा पायाभूत कोर्स केला असेल तर तो काळ त्यात धरला जात नाही. रिलीज लेखी मागायचा, दुसऱ्या संस्थेचं ऑफर लेटर जोडून. तो द्यायचा की नाही हे संस्था तिच्या लेखी धोरणानुसार ठरवते, पण दिला तर त्यासाठी एक पैसाही घेता येत नाही. कोणी ‘रिलीज फी’ मागत असेल तर ठामपणे नाही म्हणा. नकार मिळाला तर तो कारणांसह लेखी मिळायला हवा, आणि संस्थेकडे अपील करायला २० कामकाजाचे दिवस असतात. पूर्वी काही एजंट या नियमाला बगल द्यायला जुना कोर्स चालू असतानाच दुसरा समांतर कोर्स घ्यायला लावत. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने पहिल्या सहा महिन्यांसाठी ती वाट बंद केली. आजही कोणी ती सुचवत असेल तर त्याचा सल्ला जुना आहे, किंवा त्याला तुमच्या भल्यापेक्षा कमिशन प्यारं आहे.

विषय कमी करणं किंवा शिक्षण काही काळ थांबवणं हे मुलांना किरकोळ वाटतं, पण तसं ते नसतं. सेमिस्टरला चारऐवजी तीन विषय घेतले तर कोर्स सीओईच्या तारखेत संपणार नाही. मुदत वाढवायला कॉलेजला ठोस कारण लागतं: गंभीर आजार, घरातला मृत्यू, तुमच्या हाताबाहेरची परिस्थिती, किंवा प्रगती सुधारण्यासाठी कॉलेजनेच आखलेली योजना. म्हणून डॉक्टरांचं पत्र, रुग्णालयाचे कागद तेव्हाच जमवून ठेवा. सहा महिन्यांनी ते मिळवणं फार जड जातं. विद्यापीठात असाल तर ‘सेन्सस डेट’ कॅलेंडरवर लाल रंगाने लिहून ठेवा. त्या तारखेनंतर विषय सोडला तर सहसा फीही जाते.

तिसरी पायरी: क्रम ठरवा आणि तो मोडू नका

आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाला ईमेल करा. तोंडी बोललात तरी त्याच दिवशी ईमेलने पक्कं करा. त्यात विद्यार्थी क्रमांक, सीओई क्रमांक, कोणता बदल कोणत्या तारखेपासून हवा आणि का, हे चार ओळींत लिहा आणि थेट विचारा: ‘याने माझं सीओई बदलेल का, आणि नवी शेवटची तारीख काय असेल?’ त्याचं लेखी उत्तर जपून ठेवा.

मग पातळी उतरत असेल तर नव्या कोर्सचं सीओई आणि नवा व्हिसा. कोर्स लांबत असेल तर चालू व्हिसा संपण्याआधी नवा अर्ज. वेळेत अर्ज केला तर निर्णय येईपर्यंत साधारणपणे ब्रिजिंग व्हिसावर, म्हणजे मधल्या काळापुरत्या व्हिसावर, राहता येतं, पण तो दिवस हुकला तर प्रकरण फार अवघड होतं. जुन्या कोर्सचा राजीनामा सगळ्यात शेवटी.

व्हिसाचा सल्ला कोणाचा घ्यायचा, हेही स्पष्ट असू द्या. कॉलेज शोधून देणारा एज्युकेशन एजंट ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला देऊ शकत नाही. तो अधिकार नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आणि वकिलांना आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुढे जाऊन डोळ्यांत पाणी आणते. शिक्षणानंतर सबक्लास ४८५ चा ग्रॅज्युएट व्हिसा हवा असेल तर क्रायकॉसवर किमान ९२ आठवड्यांचं शिक्षण लागतं आणि ते किमान १६ महिन्यांत पूर्ण झालेलं असावं लागतं. कोर्स बदलताना जुन्या अभ्यासाचं भरपूर क्रेडिट मिळालं की आनंद होतो, पण त्याने नवा कोर्स आखूड होऊन ही अट हुकू शकते. क्रेडिट स्वीकारण्याआधी आठवडे मोजा.

पत्र आलंच तर

पत्र दोन प्रकारचं असतं. कॉलेजचं ‘आम्ही तुमची नोंद सरकारकडे करणार आहोत’ असं पत्र आलं, तर २० कामकाजाच्या दिवसांत अंतर्गत अपील करा. प्रगतीच्या कारणावरून असेल तर अपील पूर्ण होईपर्यंत कॉलेजला ती नोंद करता येत नाही. त्यानंतर बाहेर दाद मागता येते, तीही मोफत: उच्च शिक्षणासाठी फेब्रुवारी २०२५ पासून नॅशनल स्टुडंट ओम्बड्समन (तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारा अधिकारी) आहे, खासगी व्होकेशनल कॉलेजांसाठी कॉमनवेल्थ ओम्बड्समन.

गृहखात्याची ‘व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे’ अशी नोटीस आली तर मात्र एकही दिवस घालवू नका. उत्तराची मुदत नोटिशीतच असते आणि ती थोडी असते. भीतीने ईमेल न उघडणारी मुलं असतात. त्यांच्या वतीने मग कोणीच बोलत नाही. काय घडलं, का घडलं आणि आता तुम्ही काय केलं आहे, हे पुराव्यासह लिहा. व्हिसा रद्द झाला तर पुढचा तात्पुरता व्हिसा मिळणं तीन वर्षांपर्यंत अडू शकतं, आणि तुमच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराचा व मुलांचा व्हिसाही तुमच्याबरोबर जातो.

बदल झाल्यावर

आता ती ८५३३. संस्था बदलली तर नवं सीओई मिळाल्यापासून ७ दिवसांत सध्याच्या संस्थेला कळवायचं. घर बदललं तरी पत्ता ७ दिवसांत द्यायचा. नव्या सीओईवरचा कोर्स कोड आणि तारखा ऑफर लेटरशी ताडून बघा, चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या. नवा व्हिसा जास्त मुदतीचा असेल तर आरोग्य विम्याची मुदतही तेवढीच वाढवा. आणि जुन्या सीओईची प्रत टाकून देऊ नका, पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात शिक्षणाचा मागचा हिशेब द्यायला ती लागते.