ईस्टरच्या तासाची तयारी: आधी वाक्यं, मग अंडी

मागच्या ईस्टरला आमच्या चौथीच्या वर्गात अंड्यांची शोधाशोध झकास झाली, फक्त इंग्रजी झालं नाही. पोरं बाकांखाली शिरली, "ए, डस्टरच्या मागं बघ!", "माझं हाय ते, सोड!" असा गलका झाला आणि बघता बघता सगळी अंडी गोळा. तास इंग्रजीचा, पण कोणाच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य आलं नाही, कारण काय बोलायचं ते मी त्यांना दिलंच नव्हतं. म्हणून ही यादी. मराठी माध्यमाची वसईची शाळा, तिसरी ते पाचवीची मुलं धरून लिहिलं आहे. मोठ्या वर्गांना यातलं निम्मं चालेल.

आधी तारीख बघा. ईस्टर दरवर्षी सरकतो. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा ढोबळ हिशेब. म्हणून 2024 मध्ये तो होळीनंतर 31 मार्चला आला आणि 2026 मध्ये हनुमान जयंतीनंतर 5 एप्रिलला. उत्साहाच्या भरात आदल्या गुरुवारी खेळ ठेवू नका. तो पवित्र आठवडा असतो, आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत तेव्हा प्रायश्चित्तकाळाचं वातावरण असतं आणि शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी. ईस्टरनंतरच्या सोमवारी किंवा त्या आठवड्यात कधीही घ्या. पेंटेकॉस्ट या सणापर्यंत 50 दिवस ईस्टरचाच काळ मानतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक मात्र आधी विचारून ठेवा.

आता वाक्यं. कार्डशीट कापायला घेण्याआधी वाक्यं. लांब पट्ट्यांवर जाड स्केचपेनने, शेवटच्या बाकावरून दिसतील अशा अक्षरांत चार ओळी लिहा. 'व्हेअर इज द एग?' 'इज इट अंडर द बेंच?' 'यस, इट इज', 'नो, इट इजन्ट' (ही दोन्ही एकाच ओळीत). आणि सापडल्यावर 'आय फाउंड अ ब्लू एग!' बस, पाचवी ओळ नको. फळ्यावर लिहून भागत नाही, कारण खेळ सुरू झाला की पोरं फळ्यासमोरच उभी राहतात आणि मागच्यांना काही दिसत नाही. पट्ट्या दोन भिंतींवर लावा. शेजारी चित्र काढा: बाकाखाली अंडं, बाकावर अंडं, डब्यात अंडं, दारामागे अंडं. इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून देण्याचा मोह टाळा. दिलं की ते फक्त देवनागरी वाचतात.

पट्ट्या लावून झाल्या म्हणजे काम झालं असंही नाही. खेळाच्या आधी दहा मिनिटं ही वाक्यं म्हणून घ्या. आधी सगळ्यांनी मिळून, मग रांगेनं, मग जोडीत. 'व्हेअर द एग इज?' असंच येणार, कारण 'अंडं कुठे आहे' म्हणताना आपण 'आहे' शेवटी ठेवतो, तसंच ते 'इज' शेवटी लावतात. ते इथेच, खेळाच्या आधी, नीट करून घ्या. 'द' मात्र गळणारच. खेळात गळला तर थांबवू नका. थांबवलं की मूल गप्प होतं आणि मग मराठीवर येतं.

अंडी कागदाची. ए फोर आकाराच्या कार्डशीटमधून आठ निघतात, कागद दुमडून एकदम कापा. चाळीस मुलं, प्रत्येकी दोन, म्हणजे दहा कागद. नुसते लाल-पिवळे-निळे रंग पुरत नाहीत, तिसरीतसुद्धा ते येतात. ठिपके, पट्टे, झिगझॅग घाला, म्हणजे 'अ येलो एग विथ रेड स्पॉट्स' असं म्हणावं लागेल. लपवताना किती लपवली आणि कुठे, ते कागदावर टिपा. एवढं सांगितलं तरी बरेच जण टिपत नाहीत, टिपा.

नियम असा की अंडं दिसलं तरी हात लावायचा नाही. जोडीतल्या एकाला जागा माहीत, दुसऱ्याने विचारायचं: 'इज इट बिहाइंड द डोअर?' 'नो, इट इजन्ट.' 'इज इट अंडर द बॅग?' 'यस, इट इज.' मग उचलायचं आणि तुमच्या टेबलाशी येऊन 'आय फाउंड' पासून पूर्ण वाक्य सांगायचं. सांगितलं नाही तर अंडं मोजायचं नाही. कितीही गोड चेहरा केला तरी नाही. "बाई, सापडलं!" असं म्हणत आलेल्या पोराला भिंतीवरच्या पट्टीकडे बोट दाखवा आणि वाट बघा. पट्टी तिथे असेल तरच बोट दाखवता येतं, म्हणून सांगते आहे: पट्ट्या.

माझ्या मते याहून चांगला खेळ म्हणजे पाठीला पाठ लावून बसण्याचा. जोडीतल्या एकाकडे रंगवलेलं अंडं, दुसऱ्याकडे नुसता रिकामा आकार. पहिल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. समोरासमोर बसवलं तर एक जण कागद दाखवून मोकळा होतो आणि भाषेची गरजच उरत नाही. म्हणून पाठीला पाठ. मग दोघांचे कागद शेजारी ठेवले की हसून लोळतात. अंड्यावरच्या पट्ट्यांची जागा वरती आणि ठिपक्यांची खाली, हा घोळ दर जोडीत होतोच. 'ॲट द टॉप', 'इन द मिडल', 'ॲट द बॉटम' ही तीन नावं आधी फळ्यावर आणि तोंडात हवीत. हो, इथेही वाक्यं आधीच.

खरी अंडी रंगवायची असतील तर त्याला वेगळा तास द्या. पोल्ट्रीची पांढरी अंडी घ्या, गावठी तपकिरी अंड्यांवर रंग उठत नाही. घरून उकडून न्या, दहा-बारा मिनिटं. हळदीच्या पाण्यात पिवळा येतो, बिटाच्या पाण्यात गुलाबी, आणि कांद्याची सुकी टरफलं उकळून गाळलेल्या पाण्यात विटेसारखा लालसर, जो मुलांना सगळ्यात आवडतो. कपभर पाण्याला मोठा चमचाभर व्हिनेगर. चमच्याने अंडं पाण्यातून काढायचं, झारा असेल तर उत्तम. 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट' बोलून घ्यायला ही झकास जागा, मुलं एकमेकांना पायऱ्या सांगतात. पण काही घरांत अंडं चालत नाही, हे आधी पालकांना विचारा. त्या मुलांना कागदाचं अंडं आणि तेच रंग द्या, वेगळं बसवू नका. आणि रंगवलेलं अंडं खायला देऊ नका. उकडलेलं अंडं दोन तासांच्या वर बाहेर राहिलं की खाण्याचं नाही, पारा 32च्या वर गेला तर एकच तास. एप्रिलमध्ये पारा 32च्या वर असतोच. लपवायला खरी अंडी वापरायची नाहीत, हे सांगण्याची गरज पडू नये.

सशाबद्दल विचारतील. ससा अंडी कशी घालतो? हा प्रश्न येणारच, कारण वर्कशीटवर ससाच असतो. जर्मन लोककथेतला आहे, तिथून गेलेल्या लोकांनी अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाला नेला, एवढं पुरे. ऑस्ट्रेलियात काही जण सशाच्या जागी बिल्बी हा लांब कानांचा तिथलाच प्राणी घेतात, कारण तिथे सशांनी शेतीचं नुकसान केलं. सण कशाचा, हे मात्र वर्गातल्या ख्रिस्ती मुलांना सांगू द्या: 'वी गो टू चर्च ॲट नाइट', 'वी लाइट कँडल्स'. शनिवारच्या रात्रीच्या विधीबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

वेळ उरला तर 'मामाचं पत्र हरवलं'. गोल करून बसवा, रुमालाऐवजी कागदी अंडं, आणि पळणारा म्हणतो 'आय लॉस्ट माय एग', बाकीचे 'वी फाउंड इट!' लॉस्ट आणि फाउंड दोन्ही यात बसतात. पट्टी? हो, त्याचीही.

लिंबू-चमचा अंगणात, अंड्याऐवजी लिंबूच. चमचे मुलांनी आणायचे, दोन-तीन जास्तीचे तुम्ही न्या. पोहोचल्यावर एक शब्द सांगायचा, चिक, नेस्ट, बास्केट, नाहीतर परत.

खाऊ शेवटी. चॉकलेट दुपारी वितळतं, मार्झिपॅन (बदाम-साखरेची मिठाई) महाग, चिक्की चालते.

टेप मास्किंगचा, साधा टेप भिंतीचा रंग उचलतो. केराची पिशवी, झाडू. पट्ट्या सोलून काढून पाकिटात घाला, पाकीट वर्गाच्या कपाटात, वर शाळेचं नाव नको, 'ईस्टर' असं लिहा.