अलिबागच्या शिबिराला येताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

मुंबई-ठाण्याहून आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची जी पोरं मे महिन्यात अलिबागच्या शिबिराला येतायत त्यांच्यासाठी लिहितेय, आईबाबांनीही नजर टाकली तर बरं. सगळ्यात आधी डोक्यात ठेवा की आपला आठवडा शुक्रवारी दुपारीच संपतो, म्हणजे कपडे धुणं, शनिवारचं जेवण, जे काय असेल ते सूर्य बुडायच्या आत उरकायचं, तेल गाळणाऱ्या आपल्या पूर्वजांना उगाच शनिवार तेली नव्हते म्हणत, शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. तेव्हा शब्बाथचे (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचे) चांगले कपडे आणि किप्पा (डोक्यावरची छोटी गोल टोपी) वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर ऐनवेळी अख्खी बॅग उपसत बसाल. मोबाइल त्या दिवशी तसाही बाजूला पडणार.

खरं काम आहे ते जुन्या दफनभूम्यांमध्ये. नवगावलाही जाणार, जिथे गलबत फुटून वाचलेले सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागले असं आपण ऐकत आलोय. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट (चप्पल अजिबात नको, गवतात काय असेल सांगता येत नाही), हातमोजे, टोपी, पाणी. कबरींचे दगड धुवायला मऊ नायलॉनचा ब्रश आणि बादलीभर साधं पाणी बास, तारेचा ब्रश, ॲसिड, धुण्याची पावडर कुणी आणलीत तर मी जप्त करेन, कारण अक्षर एकदा झिजलं की गेलंच. आधी दगड भिजवायचा, थोडं थांबायचं, मग खालून वर हलक्या हाताने, म्हणजे मळाचे ओघळ उठत नाहीत. हिब्रू वाचायची प्रॅक्टिस इथेच होते, वरती पे आणि नून ही दोन हिब्रू अक्षरं दिसली की समजायचं इथे कोणीतरी पुरलेलं आहे, पुढचं नाव जमेल तसं वहीत उतरवा, मराठी असेल तर अर्धं काम सोपं. कोणी कोहेन (पुरोहितांच्या घराण्यातला) असेल तर आधीच सांगा, त्यांना दफनभूमीत जायचं नसतं, आत न जाता फाटकाबाहेर वह्या सांभाळायचं काम आहे. निघताना हात धुवायचेत, तांब्या मी आणतेय.

इस्राएल आळीत म्हाताऱ्या मंडळींशी गप्पा आहेत, रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा.

घरून नॉनव्हेज डबा देऊ नका. पापलेट मिळेल, कोळंबी आपल्यात चालत नाही, आणि मटणासोबत दूधदुभतं खात नाही म्हणून रश्श्यात नारळाचं दूध असतं, तेव्हा दही मागू नका. मलिद्याच्या (पोहे-खोबरं-फळांच्या प्रसादाच्या विधीच्या) दिवशी पोहे भिजवणं, खोबरं खवणं, फळं चिरणं पोरापोरींनीच करायचंय, ज्यांना खवणी माहीत नाही त्यांनी घरी एकदा हात साफ करून या. ओमेर (पेसाहपासून शावुओत सणापर्यंत मोजायचे एकोणपन्नास दिवस) चालू असेल तर रोज रात्री मोजणीची आठवण करायला एकजण हवा, नाव द्या.

पालकांचं परवानगीपत्र, रोजची औषधं, ओआरएस वरच्या कप्प्यात. गेटवेवरून मांडव्याची लाँच आहे, सुट्टीत गर्दी मरणाची, लवकर या. चुकली तर फोन करत बसू नका, सरळ पेणमार्गे एसटी पकडा.