शेवटच्या लढाईतला खुर्दा: आंतरतारकीय युद्धकथा कशी लिहावी

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी काय घडले, हे नानासाहेब पेशव्यांना माळव्यात असताना एका सावकारी पत्रातून कळले. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्या सांकेतिक पत्राचा आशय होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कोणत्याच पत्रात मावणार नव्हती ती हजारो माणसे. दोन ताऱ्यांमधल्या युद्धाची शेवटची लढाई मराठीत लिहायला बसणाऱ्याने आधी हे पत्र डोळ्यांसमोर आणावे, असे मी आग्रहाने सांगतो. दादरला आम्ही काही जण महिन्यातून एकदा एकमेकांच्या विज्ञानकथा वाचायला जमतो. तिथे येणाऱ्या युद्धकथांत मोती आणि मोहरा नीट मोजलेल्या असतात, सेनापतीचे भाषण असते, शत्रूची चारशे जहाजे एका परिच्छेदात भस्मसात होतात, आणि खुर्द्याचा मात्र पत्ताच नसतो. म्हणून पुढे सांगितलेली रीत खुर्द्यापासूनच सुरू होते.

लढाईचा नकाशा काढण्यापूर्वी त्या खुर्द्यातले एक नाणे उचला. कप्तान नको, शास्त्रज्ञ नको; जिच्या हाती लढाईचा निकाल नाही, पण जिच्यावाचून जहाज चार तासही चालणार नाही, अशी व्यक्ती घ्या. उदाहरणादाखल आपण नीलिमा घेऊ. ती लालबागला वाढलेली, तीस वर्षांची, युद्धनौकेतली उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा सांभाळणारी तंत्रज्ञ आहे. घरी आई आहे आणि चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ महेश आहे. त्या काळात लालबागला चाळ उरली असेल का, या प्रश्नात अडकू नका. चाळीच्या जागी चाळीस मजली इमारत उभी करा, पण शेजारच्या काकूंना त्याच मजल्यावर राहू द्या, आणि महेशच्या तोंडी 'ताई' हीच हाक ठेवा. यंत्रे कितीही पुढची घेतली तरी वाचक ती स्वीकारतो. घरातली हाक खोटी वाटली की तो पुस्तक मिटतो.

यानंतर हिशेबाची वही काढा, कारण या प्रकारच्या कथेत अंतर हेच सर्वांत मोठे पात्र असते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटर तो सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात कापतो, आणि तरीही व्याधाच्या ताऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला ८.६ वर्षे लागतात. आपली लढाई व्याधाजवळ होणार आहे असे धरू आणि नीलिमाचे जहाज प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाते असे मानू. वेग वाढवण्याचा आणि कमी करण्याचा काळ सोडून दिला, तर घरच्या घड्याळाप्रमाणे एका बाजूचा प्रवास १०.७५ वर्षांचा होतो. सापेक्षता सिद्धांतानुसार या वेगाला जहाजावरचे घड्याळ घरच्या घड्याळाच्या तीन-पंचमांश गतीने चालते, त्यामुळे नीलिमाच्या आयुष्यातली त्यातली सुमारे साडेसहा वर्षेच खर्च होतात. जाऊन-येऊन घरी साडेएकवीस वर्षे उलटतात, तिच्या अंगावर मात्र जेमतेम तेरा चढतात. लढाई काही दिवसांत आटोपली असे धरले, तर त्रेचाळिशीची ताई परत येते आणि तिचा धाकटा भाऊ पंचेचाळीस ओलांडून गेलेला असतो. हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी तो लागणार आहे. अशा कथेत एकही गोळी न झाडता किंमत मोजायला सुरुवात होते, आणि ती मोजण्याचे साधन भागाकार-गुणाकार हेच आहे. हिशेब टाळणाऱ्या लेखकाला मग अश्रू उसने आणावे लागतात.

आता लढाई. पडद्यावरची युद्धे मनातून पुसून टाका. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज होत नाही; जहाजाच्या आत मात्र आवाज असतो, कारण धातूच्या सांगाड्यातून तो पसरतो, आणि म्हणून मारा कुठे झाला हे माणसांना कानांपेक्षा तळपायांनी आधी कळेल. शत्रूचे जहाज तीस लाख किलोमीटरवर असेल, तर ते दहा सेकंदांपूर्वी जिथे होते तिथे ते आपल्याला दिसते, आणि आपला लेझर तिथे पोहोचायला आणखी दहा सेकंद जातात. वीस सेकंदांत त्याने दिशा बदललेली असू शकते. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांच्या भूतकाळावर मारा करत असतात. वेगाचा धाक दाखवायचा असेल तर एवढे सांगणे पुरे आहे की प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने आलेला एक किलोचा दगड सुमारे एक लाख टन टीएनटीइतकी ऊर्जा घेऊन आदळतो, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सहा-सात पट. एका वाक्यात हे सांगा आणि पुढे चला.

पुढे जायचे ते उष्णतेकडे, कारण तिथे नीलिमा उभी आहे. अंतराळात वारा नाही, पाणी नाही. जहाजात साठलेली उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर जाऊ शकते आणि त्यासाठी रेडिएटरचे मोठे पत्रे बाहेर पसरावे लागतात. ते पत्रे नाजूक असतात, म्हणून मारा सुरू झाला की आत ओढून घ्यावे लागतात, आणि त्या क्षणापासून जहाज आतून तापू लागते. ऑक्टोबरातल्या दुपारी वीज गेलेल्या खोलीत बसलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. वजनरहित अवस्थेत घाम ओघळत नाही; तो कातडीवरच साचतो, पाण्याचा जाड थर होऊन चिकटून राहतो. अश्रूंचेही तसेच होते: ते गालावरून खाली येत नाहीत, डोळ्यावरच पाण्याचा गोळा धरतो आणि तो वाढत जाऊन दिसेनासे होते. लढाईच्या ऐन भरात नीलिमाला शेजारच्या कक्षातला साथीदार गेल्याचे कळते, आणि तिला पॅनेलवरचे तापमान वाचता येत नाही, म्हणून ती बाहीने डोळा टिपते आणि आकडा वाचते. तुमच्या लढाईत हे एवढे एक दृश्य खरे उतरले, तर चारशे जहाजांची राख करण्याची गरज उरणार नाही. या ठिकाणी दोन-तीन पाने रेंगाळायला हरकत नाही. व्यूहरचना अर्ध्या पानात उरका.

नुकसान नेहमी शत्रूच्या हातूनच झाले पाहिजे असे नाही, हेही मुंबईत राहणाऱ्याने विसरू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. आग लागली, दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला, आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. युद्ध चालू होते, पण जपानी विमान आले नव्हते. माल कसा रचला, यावर सारे ठरले. तुमच्या जहाजावरही एखादा अपघात असाच रचनेतून येऊ द्या. विजयाच्या दिवशी झालेल्या अपघाताला कोणीच खलनायक सापडत नाही, आणि घरच्यांना राग धरायलाही जागा उरत नाही. हे दुःख निराळ्या जातीचे असते आणि मराठी युद्धकथेत ते फार क्वचित येते.

लढाई संपली, हे कोणाला कधी कळते, यावर सर्वांत जास्त विचार करा. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातला तह २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे झाला, पण बातमी समुद्रापलीकडे पोहोचली नव्हती, म्हणून ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लीन्सला माणसे मेली. जपानचा हिरू ओनोदा फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर मार्च १९७४ पर्यंत लढत राहिला. युद्ध संपल्याची पत्रके त्याला खोटी वाटत होती, आणि अखेर त्याच्या जुन्या वरिष्ठाला तिथे जाऊन आदेश मागे घ्यावा लागला. ताऱ्यांमध्ये हा उशीर कोणाच्या चुकीने होत नाही, तो निसर्गानेच घालून दिलेला असतो. तुमच्या कथेत युद्ध संपले असूनही लढत असलेली एखादी तुकडी असेल, तर तिच्यातल्या माणसाला मूर्ख ठरवू नका. त्याच्यापर्यंत शांतता अजून निघून आलेली नाही, एवढेच.

घरच्या बाजूचा हिशेब असा पडतो. नीलिमा निघाल्यापासून पावणेअकरा वर्षांनी लढाई होते. तिचा संदेश ८.६ वर्षे प्रवास करून एकोणीस वर्षे चार महिन्यांच्या सुमारास मुंबईत पोहोचतो. जहाज त्याच्यानंतर आणखी दोन वर्षांहून थोडे अधिक काळाने येते. मधली नऊ वर्षे महेश एप्रिलच्या संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर उभा राहून पश्चिमेकडे झुकलेला व्याध पाहतो, तेव्हा लढाई होऊन गेलेली असते, त्याला ते ठाऊक नसते, आणि तारा मात्र तसाच लखलखत असतो. मग एके दिवशी मृतांची यादी येते. नीलिमाचे नाव त्यात नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाचे आहे.

इथे लेखक बहुधा हंबरडा लिहितात. मी सुचवीन की काकूंना एक साधा प्रश्न विचारू द्या: श्राद्ध कोणत्या तिथीला करायचे? शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी आहे, तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. पण इथे तिथी ठाऊक आहेही आणि नाहीही. महेश संदेश पोहोचल्याच्या तारखेतून ८.६ वर्षे वजा करून मुंबईचा तो दिवस काढून देतो. काकू ट्रंकेतून त्या वर्षाची जुनी दिनदर्शिका काढतात, ती चौकट शोधतात, आणि तिथे त्यांच्याच हाताने लिहिलेले असते: दूध एक लिटर, गॅस आला. ज्या दिवशी मुलगा गेला त्या दिवशी आपण काय करत होतो, हे त्यांना त्या दोन नोंदींतून कळते. ही नोंद लिहिताना विशेषण वापरू नका. काकू मग दिनदर्शिका मिटतात की ती चौकट बोटाने झाकतात, हे तुम्ही ठरवा. मी झाकू देईन.

ज्यांचे शरीर परत येत नाही त्यांच्या घरात संशयही राहतो, त्याला कथेत जागा द्या. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूवर पार्वतीबाईंनी विश्वास ठेवला नाही, असे परंपरा सांगते, आणि पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे जाणारी माणसेही निघाली. आशा किती काळ तग धरते आणि तिचा फायदा कोण घेतो, या प्रश्नावर एक स्वतंत्र कथा होऊ शकेल.

हे सगळे कल्पनेने गाठता येत नाही, म्हणून पाय मोकळे करा. मशीद बंदरला भारतीय खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. त्यांना जमिनीवर कबर मिळाली नाही, समुद्रच मिळाला. बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबई गाठणाऱ्यांच्या आधारावर कोकणातली कितीतरी घरे उभी होती. मनीऑर्डर यायची थांबली, हीच त्यांच्यातल्या अनेकांची पहिली बातमी असणार. अशा नावांच्या यादीसमोर उभे राहून नावे एकेक करून मनातल्या मनात वाचा आणि कुठे थांबावेसे वाटले ते टिपून ठेवा. ग्रहगोल समजून घ्यायला वरळीचे नेहरू तारांगण आहे, ते हवेच. पण युद्धकथेसाठी मी आधी मशीद बंदर सांगतो.

भाषेविषयी थोडेच सांगायचे आहे. 'प्रकाशवर्ष', 'निर्वात', 'प्रारण' हे शब्द निःसंकोच वापरा आणि रेडिएटरला रेडिएटरच म्हणा. 'शहीद', 'वीरमरण', 'बलिदान' हे शब्द सरकारी संदेशात येऊ द्या, कारण तिथे ते येतातच. घरातल्या माणसांच्या तोंडी मात्र 'गेला' एवढेच असू द्या.

आता कोपऱ्यात लिहून ठेवलेला तो आकडा काढा. नीलिमा उतरते तेव्हा आई नाही, आणि जहाज कार्तिकात पोहोचले असेल तर घरात भाऊबीज आहे. पाटावर बसलेला महेश पंचेचाळीस ओलांडलेला, कानांवरचे केस पांढरे झालेला. निरांजनाचे तबक धरलेली ताई त्रेचाळीसची. ओवाळून झाल्यावर धाकट्याने थोरलीच्या पाया पडायचे असते. हा प्रसंग आधी महेशच्या बाजूने लिहा, म्हणजे पाटावरून उठताना त्याचा गुडघा कसा दुखतो, हे त्याला कळेल. मग तोच नीलिमाच्या बाजूने लिहा, म्हणजे वाकणाऱ्या त्या डोक्यावर हात ठेवायचा की त्याला खांद्याला धरून थांबवायचे, या क्षणभराच्या घुटमळीत तबक तिच्या दुसऱ्या हातात किती जड झाले आहे, हे तिला कळेल. दोन्ही खर्डे आठवडाभर बाजूला ठेवा. मग ज्यात 'ताई' ही हाक उशिरा येते, तो ठेवा आणि दुसरा फाडून टाका.