नरारा: आधी ओहोटी बघा, मग तिकीट काढा

कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जामनगरहून द्वारकेकडे जाताना साधारण ६० किलोमीटरवर वाडीनार लागतं. नरारा त्याच्याच जवळ. हा भाग भारतातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. १९८० मध्ये इथे अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. उद्यानातल्या बहुतेक बेटांवर होडीशिवाय जाता येत नाही. नराऱ्याला मात्र समुद्र मागे हटला की पायात बूट घालून चालत चालत जिवंत प्रवाळांपर्यंत पोचता येतं. पोहता आलंच पाहिजे असं नाही. सत्तरीतली माणसंही नीट चालून येतात.

कधी जावं, असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं: ऑक्टोबर ते मार्च. ते खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर गेलात तर फसाल. या सहा महिन्यांतल्या निम्म्याहून जास्त दिवशी नराऱ्याला जाण्यात अर्थ नसतो. कधी पाणी पुरेसं हटत नाही, तर कधी हटतं पण अंधारात. मग मुंबई-पुण्याहून एवढ्या लांब आलेली माणसं चिखल आणि चार खेकडे बघून परततात आणि तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणून सांगत सुटतात. चांगल्या जागेची अशी बदनामी ऐकली की वाईट वाटतं.

तारीख कशी काढायची

सगळी मेख इथे आहे. मलाही हा हिशेब अंगवळणी पडायला वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगतो.

पंचांग किंवा कालनिर्णय उघडा आणि अमावस्या-पौर्णिमा बघा. उधाण याच दिवसांत असतं, म्हणजे भरती सर्वांत मोठी आणि ओहोटी सर्वांत खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरतही नाही. भांगाच्या दिवसांत नराऱ्याला अजिबात जाऊ नका. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि नेमकी अष्टमी असली, तर त्या सुट्टीत दुसरीकडे कुठेतरी जा.

पण थेट अमावस्येचा किंवा पौर्णिमेचा दिवसही धरू नका. समुद्र चंद्राच्या मागे एक-दोन दिवस रेंगाळतो, त्यामुळे सर्वांत खोल ओहोटी बहुधा प्रतिपदा ते तृतीया या दिवसांत मिळते. दुसरं म्हणजे भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमेला सकाळची ओहोटी फार लवकर येते, आणि जानेवारीत जामनगरला सूर्य उगवायलाच सव्वासात-साडेसात होतात. निम्मी ओहोटी अंधारात वाया जाते. द्वितीया-तृतीयेला तीच ओहोटी सरकून उजेडात आलेली असते. म्हणून माझी पसंती कायम द्वितीया ते चतुर्थी. शुक्ल असो वा कृष्ण, फरक पडत नाही. भाऊबीज द्वितीयेलाच येते, तेव्हा पाणी छान हटतं. पण दिवाळीत सौराष्ट्रात पर्यटकांची झुंबड असते, म्हणून मी कार्तिक पौर्णिमेनंतरचे दिवस निवडतो.

आता वेळेचं. कोकणात तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ काढतात. तृतीयेला उत्तर येतं सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास. दिवस निवडायला हा हिशेब उत्तम आहे. पण घड्याळ लावायला तो इथे वापरू नका. कच्छचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं आहे. भरतीचं पाणी आधी ओख्याला चढतं, मग वाडीनार, सिक्का करत बऱ्याच उशिराने कांडल्याला पोचतं. आत जाताना जागा कमी होत जाते, त्यामुळे पाण्याची चढ-उतारही वाढत जाते. मोबाइलवर ‘द्वारका टाइड’ शोधून निघणारे लोक इथेच चुकतात. द्वारका खुल्या अरबी समुद्रावर आहे, नरारा आखाताच्या आत. सिक्का किंवा वाडीनारचं भरती-ओहोटीचं कोष्टक शोधा. तेच नराऱ्याला सर्वांत जवळचं.

कोष्टकात वेळेच्या शेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते. लोक फक्त वेळ वाचतात, पण ठरवायचं उंचीवरून. ओहोटीचा आकडा जितका लहान तितका खडक जास्त उघडा पडतो. माझा ठोकताळा असा: एक मीटरच्या खाली आकडा असेल तर डोळे मिटून तिकीट काढा, दोनच्या घरात असेल तर जाऊ नका. दिवसात दोन ओहोट्या असतात आणि त्या सारख्या नसतात. सकाळची एक मीटर आणि संध्याकाळची त्याहून बरीच वर, असंही होतं. दोन्ही आकडे बघा.

कधी उतरायचं, कधी फिरायचं

कोष्टकातली वेळ ही पाणी सर्वांत खाली असण्याची वेळ आहे, खडकावर उतरण्याची नाही. त्याच्या दोन तास आधी गेटवर हजर राहा. गेटपासून प्रवाळाच्या पट्ट्यापर्यंत चालण्यातच अर्धा तास सहज जातो. उतरत्या पाण्यामागून चालत जा आणि कोष्टकातली वेळ झाली की पंधरा-वीस मिनिटांत परत फिरा. इथे कुणाचं ऐकू नका.

पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एकच भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन. ओहोटी-भरतीतला फरक पाच मीटर धरला, तर पहिल्या तासात जेमतेम चाळीस सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात सव्वा मीटर. पहिल्या तासात काहीच होत नाहीसं वाटतं, म्हणून माणसं ‘अजून एक फोटो’ करत थांबतात. शिवाय पाणी फक्त समोरून येत नाही. खडकाच्या मागच्या सखल घळीत ते आधी भरतं. तुम्ही कोरड्या उंचवट्यावर उभे असता आणि परतीच्या वाटेवर कमरेइतकं पाणी झालेलं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर ओहोटीच्या वेळेलाच पाठ फिरवा.

बाकीची तयारी

प्रवेशाचं जामनगरच्या वनखात्याच्या कार्यालयात आदल्या आठवड्यात फोन करून विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा. मुंबईहून जामनगरला थेट रेल्वे आहे. मुक्काम जामनगर किंवा खंभाळियाला. पाणी आणि खाणं बरोबर न्या, अंगभर सुती कपडे, टोपी.

बूट लेसवाले, घोटा झाकणारे, जुने. चप्पल चिखलात रुतून तुटते आणि फ्लोटर्समध्ये खडे शिरतात. हातात काठी असू द्या. वाळूवरच्या पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला. तळाशी पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) बसलेला असला तर तो हालचाल जाणवून निघून जातो. प्रवाळावर पाय देऊ नका. उघडी वाळू आणि मेलेला खडक यांवरूनच वाट काढता येते.

वाटाड्या घ्याच. एकट्याने गेलात तर डबक्यात डबकंच दिसेल. निघण्याआधीच त्याला स्पष्ट सांगा: काहीही उचलून हातात द्यायचं नाही. पर्यटक खूश व्हावेत म्हणून केंड मासा पाण्याबाहेर काढून फुगवून दाखवण्याची वाईट सवय काहींना लागली आहे. केंड फुगतो तो जिवाच्या भीतीने. दगड उलटला, तर तो तसाच अलगद पूर्वीसारखा ठेवायला लावा. त्याच्या खालच्या बाजूला स्पंज आणि कसले कसले चिकटलेले जीव असतात, ते उन्हात मरतात. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, खिशात घालू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे.

एका डबक्यापाशी दहा मिनिटं उकिडवे बसा. अष्टपाद (ऑक्टोपस) शोधायचा तर आधी त्याचं उष्टं शोधा: खडकाच्या फटीच्या तोंडाशी खेकड्यांची रिकामी कवचं आणि शिंपा पडलेल्या दिसल्या की आत तो असण्याची शक्यता मोठी. सावली त्या फटीवर पडू देऊ नका. थोड्या वेळाने आधी एक डोळा वर येतो, मग फटीच्या कडेचा खडकच हलल्यासारखा वाटतो, कारण त्याने खडकाचा रंग आणि खरबरीतपणा दोन्ही अंगावर घेतलेलं असतं. समुद्रफुलं, सागरकाकड्या, तारामासे, मेंदूसारख्या वळ्यांचं प्रवाळ, हे सगळं असं बसल्यावरच दिसायला लागतं. पळत पळत यादी पूर्ण करणाऱ्यांना यातलं फारसं मिळत नाही.

पक्षी बघायचे असतील तर हिशेब उलटा. ओहोटीला ते मैलभर पसरतात आणि दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. चढतं पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं, म्हणून खडकावरून परत आल्यावर लगेच गाडीत बसू नका. काठावर दुर्बीण घेऊन तासभर थांबा. हिवाळ्यात क्रॅब प्लोव्हर अंगठ्याएवढे खेकडे पकडताना इथे जवळून दिसतात.

दुपार मोकळी राहते. जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्यात जा. बांधाच्या एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी असल्यामुळे तिथे दोन्हीकडचे पक्षी असतात. उद्यानातल्याच पिरोटन बेटाचा बेत मात्र याच सहलीत कोंबू नका. तिथली परवानगी वेगळी, होडी भरतीवर निघते आणि पुढच्या भरतीवरच परतते. बेट त्या काळात पर्यटकांसाठी खुलं आहे का, हे नराऱ्याच्या परवानगीसाठी फोन कराल तेव्हाच विचारून घ्या.