कराटेचे जपानी शब्द आणि बेल्ट: ग्रेडिंगच्या आधी या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर कुठंही जा, ऊन चढायच्या आत शाळेच्या ग्राउंडवर पांढऱ्या ड्रेसमधली पोरं दिसतातच, आणि कॅम्प संपला की ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, असते. किक मस्त, पंच जोरात, स्टॅमिना पण भरपूर, पण एक्झामिनरने जपानीत कमांड दिली की अर्धी लाइन शेजारच्याकडे बघते, आणि मार्क तिथंच जातात. पोराने महिनोन्महिने घाम गाळलेला असतो आणि अडतं ते चार शब्दांवर, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

झेरॉक्स इंग्रजीसारखी वाचणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथून सुरू होतो. सिलॅबसचा कागद इंग्रजी अक्षरांत असतो आणि पोरं तो इंग्रजीच्या तासासारखा वाचतात, मग आगे उकेचं (वरचा ब्लॉक) होतं "एज उके", माए गेरीचं (समोरची किक) "मे जेरी", गेदान बाराईचं (खालचा ब्लॉक) "जेडन". घरी महिनाभर "एज उके" घोकलेल्या पोराला परीक्षेत "आगे उके" ऐकू आलं तर तो कसा ओळखणार? नियम सोपा आहे, ए हे अक्षर आलं की आ म्हणायचं, ई आलं की ए, आय आलं की इ, आणि जी कायम ग. कागद मिळाल्याच्या दिवशीच सरांच्या तोंडून ऐकत ऐकत प्रत्येक शब्द देवनागरीत लिहून काढा, जपानी शब्द आपल्या लिपीत छान बसतात. त्सुकीमधला त्सु तर चूल म्हणताना जो च येतो त्याच्या अगदी जवळचा, मराठी पोरांना तो शिकवावा लागत नाही.

अजून एक, त्सुकी आणि झुकी हे दोन वेगळे पंच नाहीत. शब्द एकटा असला की त्सुकी, आधी काही जोडलं की झुकी, जसं ओई झुकी, ग्याकु झुकी. तसंच केरीचं (किक) माए गेरी आणि ताचीचं (उभं राहायची पोझिशन) झेनकुत्सु दाची. बरीच पोरं वहीत यांच्या दोन दोन नोंदी करतात आणि मग दुसरी कोणती ते शोधत बसतात.

शोदान, जोदान, गेदान, गोदान

हे चार शब्द कानाला सारखे लागतात म्हणून वेगळे करून पाठ करा. जोदान म्हणजे डोकं-चेहऱ्याची उंची, चुदान छाती-पोट, गेदान कमरेच्या खाली, म्हणजे हे शरीरावरचे मजले झाले... शोदान पहिला आणि गोदान पाचवा, हे क्रम. जोदानमधला ओ लांबवायचा, शोदानमधला तोडायचा. पाठ करताना हात लावून करा, जोदान म्हटलं की हात कपाळाकडे, चुदान म्हटलं की छातीकडे, आठवडाभर रोज पाच मिनिटं केलं तरी शरीर आपोआप ऐकायला लागतं. नुसतं अर्थ लिहून पाठ केलेलं कमांडच्या स्पीडला टिकत नाही.

आणि पालकांसाठी, पोरगं घरी येऊन "माझं शोदान झालं" म्हणालं तर लगेच स्टेटस टाकू नका भो! हेइआन शोदान ही शोतोकान या कराटे स्टाइलमधली सुरुवातीची काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) आहे, यलो-ऑरेंज बेल्टच्या आसपास येते. ब्लॅक बेल्टची पहिली डिग्री पण शोदान, आणि ब्राउन बेल्टच्या सुमारास येणारी तेक्की शोदान ही परत काताच. शोदानच्या आधी काताचं नाव आहे का ते विचारा.

क्यू उलटा मोजणं

"मागच्या वेळी आठवा होता, आता सातवा कसा, नापास केलं का?" असं विचारणारे पालक दर ग्रेडिंगला भेटतात. क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीची ग्रेड, रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखा खाली उतरतो, नऊ किंवा दहापासून सुरू होऊन एकपर्यंत येतो, त्यानंतर दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या डिग्र्या, सुरू होतात आणि ते वर चढतात, शोदान, निदान, सानदान, योनदान, गोदान.

रंगावरून कोण मोठा ते ठरवणं

शिरपूरचा पोरगा ब्लू, चाळीसगावचा यलो, मग शिरपूरवाला सीनियर? सांगता येत नाही. मास ओयामांच्या क्योकुशिन स्टाइलमध्ये ऑरेंजनंतर ब्लू येतो आणि यलो त्याच्याही नंतर. शोतोकानच्या बहुतेक क्लासमध्ये यलो आधी, ब्लू बराच पुढे. रंग त्या त्या संघटनेचा असतो, तुलना करायचीच तर क्यू विचारा, आणि तीही एकाच संघटनेत. ही बेल्टपद्धत फार जुनी पण नाही, दानची पद्धत ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी 1883 मध्ये सुरू केली आणि शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी कराटेत पहिले दान दिले ते 1924 मध्ये.

बेल्ट धुवायचा नसतो, धुतला की विद्या जाते, हे पण डोक्यातून काढा. आपल्याकडच्या 44-45 डिग्रीत घामाने भिजलेला बेल्ट तसाच बॅगेत कोंबला तर वास आणि खाज दोन्ही येणार. धुवा, सावलीत वाळवा. जॅकेटची डावी बाजू वर घ्या, जपानमध्ये उजवी वर घेतात ती मृतदेहाला.

क्लास बदलल्यावर

बाबांची बदली झाली, नंदुरबारहून जळगावला आलात, नवीन सर वादो-र्यू या दुसऱ्या स्टाइलचे, तर जपून. शोतोकानमध्ये बाहेरून आत येणारा ब्लॉक सोतो उके आणि आतून बाहेर जाणारा उचि उके, वादो-र्यूमध्ये नेमकं उलट. काताचंही तसंच, ओकिनावाचे जुने गुरू इतोसू अंको यांच्या पिनान काता फुनाकोशींनी हेइआन नावाने घेतल्या आणि पहिल्या दोघींचे नंबर बदलले, त्यामुळे पिनान निदान हीच शोतोकानची हेइआन शोदान. जुन्या सरांनी चुकीचं शिकवलं असं कुणीही म्हणू नका, दोन्ही बरोबर आहेत. नवीन सरांना पहिल्याच दिवशी सांगा की आधी कोणती स्टाइल केली.

स्पर्धेत

कुमितेत (समोरासमोरची फाइट) लाल बेल्ट म्हणजे आका, निळा म्हणजे आओ, बाजू ओळखायला असतात, त्याचा ग्रेडशी काही संबंध नाही. पंचला युको म्हणजे 1 पॉइंट, चुदान किकला वाझा-आरी म्हणजे 2, जोदान किकला इप्पोन म्हणजे 3. जुन्या नियमात इप्पोन म्हणजे 1 होता, म्हणून मोठ्या दादाने शिकवलेला हिशोब एकदा सरांकडून तपासून घ्या. यामे (थांबा) ऐकलं की थांबायचं, पण गार्ड लगेच सोडायचा नाही आणि पाठ तर अजिबात फिरवायची नाही, कारण पोरांना लागतं ते बऱ्याचदा याच सेकंदाला.

ग्रेडिंगमध्ये कमांड कळलीच नाही तर शेजाऱ्याची कॉपी करू नका, तोही चुकलेला असू शकतो. योइमध्ये (तयार पोझिशन) सरळ उभं राहून "सर, परत सांगा" म्हणा. एक्झामिनर परत सांगतात.